दुसऱ्या लॅपटॉपवरची काळी चार

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. त्याला बारा वर्षं झाली. जरीपटक्याच्या बाजारामागे आपलं माइक-स्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी, तीही इलेक्ट्रॉनिक्सची. सगळ्यांना वाटलं, मी हिंगण्याच्या एखाद्या कंपनीत लागणार. मी भीमगीतांच्या एका पार्टीचा साउंड सांभाळते. आई लोकांना सांगते, "पोरगी इंजिनिअर हाय, पन गाने लावते." त्यात अभिमान किती आणि तक्रार किती, ते मला अजून कळलेलं नाही.

गाणी लावते, हे खरंच आहे. आता पार्टीत गळा आणि ढोलक एवढंच समोर वाजतं. बाकीची वाद्यं आधी रेकॉर्ड केलेली असतात आणि लॅपटॉपवरून येतात. लॅपटॉप अडकला की गाणं मध्येच तुटतं. कोणीतरी "हॅलो, हॅलो" करतं, आणि समोरची माणसं चटईवर शांत बसून समजून घेतात. मला त्या समजून घेण्याचाच राग येतो. मोठ्या स्टेजवर असं होऊ देत नाहीत. तिथं दोन लॅपटॉप एकाच वेळी तेच गाणं वाजवत असतात आणि मध्ये एक छोटा डबा असतो. पहिल्या लॅपटॉपकडून त्याला सतत एक बारीक सूर जातो, जो लोकांना ऐकू येत नाही. तो सूर थांबला की डबा त्याच क्षणी दुसऱ्या लॅपटॉपवर जातो. आपल्या वस्तीतल्या लोकांसाठी असा डबा का नको, म्हणून मी वर्षभर ताईंच्या मागे लागले होते. ताई म्हणजे आमच्या मुख्य गायिका, पार्टी त्यांचीच. तुमच्या माइकवर वाजवणारे ढोलकवाले काका अजून आमच्यात आहेत. ते चिडवायचे, "एक बिघडला तं दुसरा. दुसरा बिघडला तं काय करशीन वं?" "मंग तुम्ही आहातच ना," मी म्हणायचे. शेवटी डबा आला. तरी दर कार्यक्रमात कोणीतरी माझ्या दुसऱ्या लॅपटॉपचा प्लग काढून तिथं कूलर लावायचं.

मी सहावीत असताना एका लग्नाच्या मंडपात तुम्ही मला विचारलं होतं, "स्पेअर माइक वाजवून पायला का?" मी हो म्हटलं. पाहिला नव्हता. ऐन भाषणात चालू माइक बंद पडला आणि स्पेअर मुका निघाला. तुम्ही ओरडला नाहीत. वायर गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "नाही पायला म्हनली असती तं मी पायला असता ना." दोन दिवस तुम्ही मला दुकानात कशाला हात लावू दिला नाही. मी आईजवळ स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत होते आणि तुमच्यावर धुसफुसत होते.

मागच्या रविवारी दुपारी ताईंचा घसा बसलेला होता. त्या म्हणाल्या, "काळी चारमध्ये नाही होनार मले. पांढरी पाच कर." म्हणजे पेटीवरची पट्टी बदलून सगळी गाणी अर्धा सूर खाली. मी पहिल्या लॅपटॉपवर ती उतरवली. दुसऱ्यावर चहा झाल्यावर करू म्हटलं. तेवढ्यात मंडपवाल्याशी प्लगवरून भांडण झालं, मग माणसं यायला लागली, आणि ते राहिलं ते राहिलंच.

चौथ्या गाण्यात गरम होऊन पहिला लॅपटॉप बंद पडला. डबा दुसऱ्यावर गेला. ठेका एक मात्राही चुकला नाही. फक्त ताई पांढरी पाचमध्ये गात होत्या आणि मागून काळी चार वाजायला लागली. त्यांनी सूर शोधला, वर जाऊन पाहिलं, आवाज फाटला. पुढच्या ओळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ताईंनी माइक खाली धरला आणि माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं गाणाऱ्या बाईवर मी लोकांना हसायला लावलं.

स्टेजमागे त्या म्हणाल्या, "तुया डब्यानं माहा गळा कापला वं. वापस करून टाक तो."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका माझ्या बाजूनं बोलले. "पोरीले काहून बोलता? पोरगी शिकेल हाय, तिचं नाही चुकनार. मशीनच बेकार हाय."

ताई मान हलवून म्हणाल्या, "तिले कुठं बोलून राहिली मी?"

तेव्हापासून मी सगळ्यांवर चिडून आहे. डबा खरंच बिघडला होता का, हे कोणी विचारलं नाही. आता पुन्हा एकच लॅपटॉप, पुन्हा "हॅलो, हॅलो", पुन्हा लोक समजून घेणार. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर भांडले, ती एकाच संध्याकाळी गेली. ती परत आणायची तर ताईंना दुसऱ्या लॅपटॉपवर काय राहिलं त्याची चार वाक्यं सांगावी लागतील. मग माझी जागा राहील की नाही, माहीत नाही. काका काय म्हणतील, त्याची तर जास्तच भीती वाटते. हे पत्र कोणाकडे पोचणार नाही, म्हणून ती चार वाक्यं इथं तरी लिहिता आली.

काल मी डबा परत पाठवला. दुकानाच्या फॉर्मवर परतीचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, "वेळेवर बदलत नाही." बाबा, तो अगदी वेळेवर बदलला होता.