सत्यवतीची दोन वर्षे

३ फेब्रुवारी १९६४

मी, नरसिंहराव हुदलीकर, बी.कॉम., वय चौपन्न, येथील एका विज्ञानसंस्थेत कार्यालय अधीक्षक. घरात जे बोलता येत नाही ते निदान कागदावर अचूक असावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

आज संस्थेला भेट द्यायला आलेले लंडनचे एक प्राध्यापक माझ्या खोलीत आले. आमची मुलगी सत्यवती याच संस्थेत प्रथिनांचे स्फटिक वाढवून क्ष-किरणांनी त्यांची रचना शोधते. डॉक्टरेट गेल्याच वर्षी झाली. त्यांनी सरळ विचारले — पुढील संशोधनासाठी दोन वर्षे तिला पाठवाल का? जागा एकच आहे.

मी म्हणालो, "तिचे लग्न ठरले आहे." अद्याप जाहीर केलेले नाही, असेही जोडले.

ठरलेले काहीच नाही! बेळगावच्या मंडळींनी फक्त पत्रिका मागितली आहे. "पाठवणार नाही" म्हणणे मागासलेपणाचे दिसले असते. त्यांनी उठून अभिनंदन केले — आणि मी ते स्वीकारले.

४ फेब्रुवारी

पत्नीला, कस्तुराला, सांगितले. "बरं झालं की हो! परत येईतो तिशी उलटेल, मग कोण करून घेणार?" मग झारा तसाच हातात धरून — "पण खोटं कशाला? नाही म्हणायचं होतं, सरी, विषय संपला असता."

सत्यवतीच्या काचेच्या नळ्या आमच्या देवघराच्या कोनाड्यात आहेत. तिथला गारवा टिकतो. धक्क्याने स्फटिक बिघडतात, म्हणून हीच कस्तुरा महिनाभर घंटा न वाजवता पूजा करते आहे. आणि मी?

६ फेब्रुवारी

प्राध्यापक उद्या मद्रासला जाणार. अतिथिगृह कार्यालयासमोरच. दुरुस्तीला एक वाक्य पुरे होते. फाटकाशी गेलो — परत फिरलो.

८ फेब्रुवारी

जागा तिच्याच प्रयोगशाळेतल्या उपेंद्रला मिळाली. पेढे तिनेच आणले. "घ्या अण्णा, उपेंद्र निघाला! थंडीत कुडकुडेल बिचारा." पेढा तसाच बशीत ठेवला.

१० फेब्रुवारी

सकाळी सत्यवतीने नळ्या उचलल्या. "आई, वाजव आता घंटा." मग माझ्याकडे वळली —

"अण्णा, प्राध्यापकांनी आधी मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या अण्णांशी बोला, ते मला अडवणार नाहीत. तुमच्याकडे आलेच नाहीत का हो ते?"

"नाही," मी म्हणालो.

आत घंटा वाजू लागली.

नरसिंहराव हुदलीकर
मल्लेश्वरम, बेंगळूर
१० फेब्रुवारी १९६४