देल्फिनाबाईंचं आदर्श मरण

तोरिनो, ७ मार्च १८९१

चि. एवासियोस आत्याचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा जरा कमी.

आज शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी मेल्याचं मला कळलं. दार वाजलं म्हणून कांदा चिरता चिरता उठले, तर तू शिकवतोस त्या वर्गातली नऊ मुलं जिन्यात उभी. हातात व्हायोलेटच्या जुड्या, डोळ्यांत पाणी. मला पाहताच आठ पळाली. गवंड्याचा जाडा तोनिनो तेवढा थांबला. देल्फिनाबाई राहायच्या ते घर हेच का, म्हणाला. मीच ती, म्हटलं. त्याचं तोंड असं उतरलं, की न मेल्याबद्दल मलाच त्याची माफी मागावीशी वाटली.

या महिन्याची नीतिकथा म्हणे तू स्वतः रचलीस आणि वर्गाला खरी म्हणून सांगितलीस. म्हातारी बाई वह्या तपासता तपासता प्राण सोडते. नाव माझं, गल्ली माझी, खोकलासुद्धा माझा! आणि शेवटच्या श्वासात मी अकरा वाक्यं बोलून सगळ्यांना क्षमा करते. अरे, चाळीस वर्षं शिकवलं, क्षमा एकालाही केली नाही. खोटं बोलू नये, एवढं मात्र मला लहानपणी मठातल्या सिस्टरांनी नीट शिकवलं.

चौदा तारखेला पदकं दरवर्षीप्रमाणे मीच देणार. तेव्हा सोमवारी वर्गात मला जिवंत कर.

तुझी अद्याप हयात आत्या,
देल्फिना

९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण तुझ्या मरणाने वर्ग सुधारला गं! तासाला चेस्टनट खाणं बंद झालं, दोघांनी कान धुतले, लोहाराच्या पोराने ढापलेली पट्टी रडत परत केली. पळालेल्या आठांना वाटतं त्यांनी तुझं भूत पाहिलं, त्यामुळे शिस्तीत भरच पडली. फक्त तोनिनोचं सद्वर्तनाचं पदक कापावं लागलं. तुझ्यासाठी मौन पाळताना तो हसला.

समारंभात तुझी खुर्ची रिकामी ठेवून वर तुझा फोटो आणि काळी फीत लावणार आहेत. मुख्याध्यापकांना खरं ठाऊक आहे. म्हणाले, बाईंनी शाळेसाठी इतकं केलं, एवढंही करतील. तू अवतरलीस तर मास्तरच खोटारडा ठरेल, मग नीती कुणी शिकवायची? यंदा घरीच राहा. हेझलनटचा केक घेऊन येतो.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून असलेला,
एवासियो

१० मार्च

चि. एवासियोस. आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

तुझी गोष्ट तोनिनोच्या वहीतून उतरवून, लाल शाईने तपासून सोबत पाठवते आहे. दहापैकी तीन.

तो आता रोज भागाकार शिकायला येतो. मेलेल्या बाई जास्त गोड होत्या, असं तोंडावर म्हणतो. मी जिवंत आहे हे वर्गात का बोलला नाहीस, असं त्याला विचारलं. म्हणाला, मास्तर खोटे पडतील ना. नऊ वर्षांचं पोर तुझी लाज पोटात घालून हिंडतंय, आणि सद्वर्तनाचं पदक तू त्याचंच कापलंस!

केक नको. शनिवारी मी त्या खुर्चीत बसणार, फोटो मांडीवर घेऊन. पहिलं पदक तोनिनोला. त्याआधी वर्गाला खरं तू सांगतोस की समारंभात मी सांगू, ते गुरुवारी, १२ मार्चला दुपारी बाराच्या आत लेखी कळव. गुरुवारी शाळेला सुट्टी असते, तेव्हा सवड नव्हती ही सबब चालणार नाही.

लोभ उत्तरावर अवलंबून,
देल्फिना