जपानी म्हणून आलेली बाहुली

२२ ऑगस्ट २००५
अख्खी दुपार बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत. खुर्चीतून स्पंज बाहेर आलेला, की-बोर्डवर कुणाच्या तरी भज्यांचं तेल. शी. नात ऋचाला केबलवरच्या जपानी कार्टूनमधली तलवारवाली हवी. निळ्या केसांची. "आजी, बाहुली नाही म्हणायचं. फिगर." बरं, फिगर. वाढदिवसाला घेऊन देईन असं बोलून बसले, आता सुटका नाही. ऋ. चित्रं काढते. हाताची बोटं तिला जमत नाहीत, म्हणून समोर ठेवून सगळ्या बाजूंनी काढायची आहेत. कारण पटलं.

लिलावाच्या साइटवर तीच बाहुली कितीतरी जण विकतायत. सगळ्यांचे फोटो एकच, कंपनीच्या कॅटलॉगातून उचललेले. ऋ.ला सगळं पाठ आहे: तुमच्याकडच्या डब्याचा फोटो मागायचा, तळाचा कंपनीचा शिक्का बघायचा, फारच स्वस्त असेल तर हात लावायचा नाही. नववीतल्या पोरीला बाजाराने काय काय शिकवलंय.

२६ ऑगस्ट
मुंबईचा एकजण ठरवला. खातं माझ्या नावावर, ऋ. लहान म्हणून; पासवर्ड दोघींकडे. ती म्हणाली, "याने डब्याचा फोटो पाठवलाच नाही, आजी. परत माग ना." मी म्हणाले, अगं, इंग्रजी बघ त्याचं! एक चूक नाही. सुरुवातीला 'डिअर मॅडम', शेवटी आभार. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरने पाठ थोपटली असती. बँकेतून डीडी काढून पाठवला.

९ सप्टेंबर
पार्सल आलं. माझ्या मुलाने, विलासने, नगरहून दुकानाच्या मालाबरोबर आणलं. ऋ. शाळेत, आणि सूनबाईने डबा उघडून मोकळी. उद्या महालक्ष्म्या येणार, पुढची आरास अपुरी वाटत होती म्हणे. "आई, किती शोभून दिसतीय बघा!" लाकडी बैलगाडी, प्लास्टिकचा पोपट आणि मध्ये तलवार उपसलेली जपानी मुलगी.

ऋ. आल्यावर आधी किंचाळली. मग समोर मांडी घालून नुसती बघत बसली. हात लावला नाही. म्हणाली, महालक्ष्म्या उठेपर्यंत राहू दे तिथेच.

११ सप्टेंबर
हळदीकुंकवाला गल्ली लोटली. शेजारच्या कमलबाईंनी दोन्ही महालक्ष्म्यांना कुंकू लावलं आणि तेच बोट खाली आणलं. "आन् हिचं कपाळ कावून मोकळं? लक्ष्मीम्होरं अशी बसवत न्हाईत बाई." टेकवलं. मागून आलेल्या प्रत्येकीने तेच केलं. "झगा लई तोकडा हाय पर हिचा!" हशा. ऋ. माझ्याकडे बघत होती. देवीपुढे बसलेलीला कुंकू नको असं या घरात कोण म्हणणार?

१२ सप्टेंबर
महालक्ष्म्या उठल्या. ऋ. ओल्या फडक्याने बाहुलीचं कुंकू पुसत होती. कुंकू राहिलं, भुवई आली. अख्खी, निळी, फडक्यावर. मग तिने ती खिडकीत नेली. केसांच्या कडेने साच्याची रेघ. पाय स्टँडच्या खुंटीवर बसत नाही. डब्याच्या तळाला शिक्का नाही. वर रॉकेलसारखा वास. तो मला डबा उघडला तेव्हाच आला होता, मी उदबत्ती लावली.

"बोटं बघ आजी." पाचही एकमेकांना चिकटलेली, बदकाच्या पंजासारखी. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं माझं. आवाजावरून लबाड माणूस ओळखायचे. पत्राला आवाज नसतो, एवढं कळू नये?

१५ सप्टेंबर
मुंबईच्या त्या माणसाचं माझ्या तक्रारीला उत्तर. तसंच गुळगुळीत. माल परत घेऊ, पण मूळ अवस्थेत असेल तरच. कपाळावरचा लाल रंग आमचा नव्हे. वस्तू आपण खरेदीनंतर विद्रूप केली आहे. विद्रूप! शिक्का नसलेल्या डब्याबद्दल चकार शब्द नाही.

कॅफेवाला मुनीर मागून वाचत होता. त्याच्याच वेबकॅमवर फोटो काढून पाठवला होता. "मॅडम, फोटू काढताना कपाळावर बोट तरी ठिवायचं!" म्हणजे चोराला मीही खोटंच दाखवायचं. साइटकडे तक्रार केली. तिकडून काही नाही.

१८ सप्टेंबर
रात्री जेवताना वि. म्हणतो, "ती बाहुली तिथंच साइटवर विकून टाक की. एवढ्या लांबून कोण बघायला येतंय?"
काय सांगून विकू?
"आपल्याला सांगितलं तेच."
सूनबाई हसली. ऋ. ताटात बघत होती, पण ऐकत होती.

वि.च्या जनरल स्टोअरमध्ये चांगल्या साबणाशेजारी हुबेहूब त्याच वेष्टनाचा दुसरा साबण असतो. खेड्यावरून आलेल्या बाईच्या हातात न विचारता तोच पडतो. मी माझा साबण दुसऱ्या दुकानातून आणते, हे त्याला माहीत आहे. त्यावर आम्ही बोलत नाही. देशाची दारं उघडली म्हणून केवढे ढोल वाजवले. आत आलं काय? किळस येते.

२० सप्टेंबर
ऋ. कागद घेऊन आली. "आजी, इंग्रजी तपासून दे ना." जाहिरात! अस्सल, जपानहून आणलेली, उत्तम स्थितीत. फोटो म्हणे पाठमोरा टाकायचा. तपासण्यासारखं काही नव्हतंच. त्या माणसाच्या पत्रातली वाक्यं जशीच्या तशी उचललेली.
"हे खोटं आहे, ऋचा."
"पप्पा विकतातच की."
"पप्पांचं मी बघून घेईन." काय बघून घेणार? आजवर काय बघितलं?
"मग मला खरी कशी मिळणार? तू सांग."
कागद परत दिला. फाडायला हवा होता का?

२४ सप्टेंबर
तक्रारीचं काय झालं बघायला गेले. खातं उघडलं तर जाहिरात लागलेली. पाठमोरी बाहुली, खाली माझं नाव. जन्मात कुणाला खोटं बिल दिलं नाही आणि आता हे. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

खाली एका बाईचा प्रश्न. कोल्हापूरची. मोडकंतोडकं इंग्रजी: मुलीला हवी आहे, खरी आहे ना, डब्याच्या तळाचा फोटो पाठवाल का, आम्ही आधी एकदा फसलो आहोत.

जाहिरात काढून टाकायला बोट पुढे केलं. मागे घेतलं. मी काढली तर ती बाई फसण्यातून वाचेल. ऋ.चं काय, ते मला कधीच कळणार नाही.

घरी येऊन तिला बाईचा प्रश्न शब्दन् शब्द सांगितला. "उत्तर तू लिही," म्हणाले. ती लाल झाली. "तू चिडली नाहीस?" चिडले आहे, म्हटलं, भयंकर.

२६ सप्टेंबर
शाळेतून परस्पर कॅफेत गेली होती. उशिरा आली. हातपाय धुतले, वही काढली.
"लिहिलं," एवढंच म्हणाली.
मी विचारलं नाही. ती चित्र काढत बसली, हाताचं. स्वतःचा डावा हात समोर धरून.

उद्या कॅफेत गेले तर काय लिहिलंय ते दिसेल. चपला दाराशीच आहेत. जावं की तिनेच सांगायची वाट बघावी, ठरत नाही.