पहिल्या नोंदीपुढचं नाव

३ नोव्हें., सोम.
कोड ठेवायची जुनी साइट शुक्रवारी पाचला कायमची बंद. सगळं नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचंय. स्वातीनं आज दाखवलं. (आमच्या तिघांच्या वेबसाइट बनवायच्या धंद्यात कॉलेज शिकलेली ती एकटीच. मी अन् इरफानभाई ठोकून ठोकून तयार झालेलो.) ती आणि भाई एकाच वेबसाइटवर एकाच वेळी बसले आणि मशीननं दोघांचं काम आपसूक जुळवलं! बघतच राहिलो. आमचा नऊ वर्षांचा नियम: एकमेकांचं काम पुसलं जाऊ नये म्हणून ज्याच्या गळ्यात लाल गमछा, त्यानंच कोडला हात लावायचा. लॉगिनसुद्धा दोघांत एकच.
भाई गमछा चाचपत म्हणाले, "मंग आता ह्येचं काय करायचं बे?"

४, मंगळ.
जुन्या नोंदी नव्या जागी आल्या. प्रत्येक बदलाला एक ओळ लिहायची असते, काय केलं ते. मी आपलं 'दुरुस्ती' लिहून मोकळा. आणि भाई? 'मार्केटचे भाव लावले. सीताफळ लई आलंय.' 'कॉलेजचा फॉर्म नीट केला. अब्बा दवाखान्यात.' 'फॉर्म परत नीट केला. अब्बा घरी आले.'
वाचता वाचता जेवायचं राहिलं. एवढा माणूस शेजारी बसलाय आणि मी त्याला रोज फक्त चहा विचारत आलो.

५, बुध.
घोळ. माझाच. नोंदी आणताना नव्या प्लॅटफॉर्मनं विचारलं होतं, हे जुनं लॉगिन कोणाचं? घाईत माझं नाव टाकलं. आता नऊ वर्षांच्या सगळ्या नोंदींपुढे 'दत्ता'. 'अब्बा दवाखान्यात', दत्ता.
भाईंनी पाहिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. गमछ्याची घडी करून माझ्या खुर्चीवर ठेवली. "माजं नाव कुटंच न्हाई व्हय रे?" नमाजला म्हणून गेले ते आलेच नाहीत. फोन बंद. फार लाज वाटते.

६, गुरु.
सकाळीच त्यांच्या घरी. म्हटलं, भाई, चुकलो. जुन्या साइटवरून नोंदी उद्या पाचच्या आत परत आणता येतात, पण नोंदीगणिक नाव द्यावं लागेल. घाईच्या दिवशी तुम्हीही नुसतं 'दुरुस्ती' लिहिलंय. कोणतं कोणाचं, सांगणार कोण?
चप्पल घालत म्हणाले, "मी सांगतो की."
आणि सांगितलं! स्वाती बदल वाचते, भाई डोळे मिटून: "हे माजं. हेबी माजं. हे दत्ताचं. लिंबागणेशला गेलता त्या दिवशी, दुपारून आला, जेवला न्हवता."
जेवलो नव्हतो, हे मलाच आठवत नाही.

७, शुक्र.
टेबलाशीच लिहितोय. नावं लागली. फक्त सगळ्यात पहिली नोंद उरलीय: 'सुरू केलं.' तेव्हा गमछा नव्हता, खुर्चीही एकच होती. एक जण सांगत होता, एक टाइप करत होता. कोण कोणतं, भाईंनाही आठवेना.
म्हटलं, भाई, तुमची.
"न्हाई. तुजी."
स्वाती: "सर, नावाचा रकाना एकच आहे. त्यात एकच नाव बसतं."
कीबोर्ड दोनदा इकडून तिकडे सरकला. मग भाईंनी खुर्चीवरचा गमछा उचलून माझ्या गळ्यात घातला. "आता लिव. ज्याच्या गळ्यात त्यानंच लिवायचं."
पाचाला दहा मिनिटं कमी. भाई मुद्दाम खिडकीबाहेर बघतायत. रकाना रिकामाच आहे.