शिक्क्यांवरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ

टेम्पोचं डिझेल इंजिन वॉरंटीतच दुसऱ्यांदा बंद पडलं. हेब्बाळच्या सर्व्हिस सेंटरमधला माणूस गाडीचं सर्व्हिस-पुस्तक उघडून म्हणाला, "सर्व्हिसचे शिक्केच दिसत नाहीत. कंपनी फुकट दुरुस्त करणार नाही." दिसतील कसे? आमचे अण्णा दर आयुधपूजेला टेम्पोबरोबर या पुस्तकालाही कुंकू लावतात, तेही नेमकं शिक्क्यांवर! असा राग आला बापाचा! तिथेच रुमालाने हलकेच कुंकू पुसलं, तर खाली सगळे शिक्के शाबूत.

"सरी, ठीक आहे मॅडम, इंजिन उघडतो," शिक्के बघून तो माणूस म्हणाला.

माझ्याबरोबर आलेल्या अण्णांना घेऊन रिक्षाने घरी निघाले. आमचं चामराजपेट आल्यावर ते हळूच म्हणाले, "कुंकू पुसायचं नसतं ग."

 घरी आल्यावर मीच कुंकवाची डबी त्यांच्यापुढे धरली. पुस्तक मात्र कोऱ्या पानावर उघडून दिलं.