कानाच्या मशीनची मुदत ठेव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, आज देवाचे नाव घेऊन माझ्यामागच्या व्यवस्थेचा हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी शिकवलेले नाही, कोणी धाक घातलेला नाही. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकिलांनी वेगळ्या कागदावर जोडले आहेत; इथे घरातल्या हाकेनेच लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनापर्यंत आले आणि पुढे उणे पाच सांगू का, असे विचारले. ते पुरे म्हणाले.

कलम १. हे घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. भांडायचेच असेल तर मी असताना भांडून घ्यावे, म्हणजे निकाल देता येईल.

कलम २. ह्यांचे नट आवळायचे पाने, तेलाची कुपी आणि भिंग थोरल्याला. तो वर्कशॉपमध्ये मुलांना लेथ शिकवतो, त्याला हत्याराची किंमत आहे. आमचे हे सदतीस वर्षे छापखान्यात मशीनवर होते. संध्याकाळी आले की हात घासून धुवायचे, तरी शाईचा वास राहायचाच. मग मागच्या गॅलरीत खुर्ची ओढून दिवसभरात काय छापले ते सांगायचे. कोणाची लग्नपत्रिका, कुठल्या दुकानाची पावतीपुस्तके, कोणत्या पत्रिकेत नवरीऐवजी तिच्या आईचेच नाव पडले. गावाची बातमी मला गावाच्या आधी कळायची. मी भाजी निवडता निवडता हसायची. माझ्या संसारातला चांगला काळ म्हणजे रोजचा तो अर्धा तास.

कलम ३. निळी लोकरीची शाल धाकट्या जाऊबाईंना. त्यांना काही देऊ नये असे बरीच वर्षे मनात होते. एका लग्नात कोणीतरी ह्यांना गुडघे कसे आहेत म्हणून विचारले आणि ह्यांनी गाडी उशिरा आली असे सांगितले. जाऊबाई मोठ्याने हसल्या. त्यानंतर हे कोणाच्या घरी गेले नाहीत. पण खरे लिहायचे तर तेव्हा मीही हसले होते. म्हणून शाल त्यांना द्यावी.

कलम ४. शिवणयंत्र सूनबाईला. ती मायाळू आहे, फक्त सारखी म्हणते, "आई, आता तुम्ही बसून राहा." मी बसत नाही. सकाळी चालून येते, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, कानात मशीन घालते, आणि दर महिन्याला एक नवे स्तोत्र पाठ करते. जुने पाठ असलेले म्हणताना डोके झोपा काढते. देवालाही तेच तेच ऐकून कंटाळा येत असेल.

कलम ५. बँकेतली मुदत ठेव. ही कशी जमली ते सांगितल्याशिवाय कोणाला देता येत नाही.

ह्यांना साठीच्या आतच कमी ऐकू येऊ लागले. कानाच्या डॉक्टरांनी मशीन लिहून दिले. किंमत ऐकून मी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. हेही म्हणाले, "मला हवं तेवढं ऐकू येतं." मला तेवढेच हवे होते. ती रक्कम मी ठेवीत टाकली आणि काटकसर केली म्हणून मनात खूश झाले.

पुढे मी ओरडून बोलू लागले. जेवण, औषध, दार. इतकेच. गंमत ओरडून सांगता येत नाही, म्हणून सांगायचे सोडले. पाहुणे आले की ह्यांच्या वतीने मीच उत्तर द्यायची. रविवारचे पत्ते बंद झाले. हे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मी सगळ्यांना सांगायची, स्वभाव शांत झालाय. सात वर्षांनी केस कापून घरी यायचा रस्ता हरवला. शेवटी मला विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

ह्यांना तपासणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांनी मला धीर देत सांगितले, "आजी, असं एका कारणानं होत नाही. वय असतं, रक्तदाब असतो. पण ऐकू येईना झालं की माणूस एकटा पडतो, डोक्याला काम राहत नाही. वेळेवर मशीन लावलं असतं तर कदाचित मदत झाली असती." त्या कदाचितचे काय करायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. रोज प्रार्थनेत तेवढे एकच मागणे आहे.

आता थोरला सत्तावन्नचा आहे. टीव्ही मोठा लावतो. बहिणीचा फोन आला की बायकोच्या हातात देतो. सगळ्याला "हो हो" म्हणतो. माझी अट अशी: थोरल्याने कान तपासून मशीन लावले तरच ही ठेव त्याला, नाहीतर धाकटीला.

वरील अट माझ्या मृत्यूनंतर लागू होईल, असे वकील म्हणाले. मग तिचा उपयोग काय, असे मी विचारले. थोरला मागे खुर्चीवर बसला होता. मी त्याच्याकडे पाठ ठेवूनच, नेहमीच्या आवाजात, कलम पाच वाचून दाखवले.

"हो हो," तो म्हणाला.

मी वळून विचारले, "काय वाचलं मी?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मग म्हणाला, "आई, वर्गातली पोरं हसतात, ती कशाला हसतात ते मला कळत नाही. वर्ष झालं."

म्हणून कलम ५ मधील अट खोडली आहे व तिथे माझी सही केली आहे. ठेव उद्या मोडायची. गुरुवारी सकाळी दहाला तो आणि मी कानाच्या डॉक्टरांकडे जाणार. मृत्युपत्रात गुरुवारची कामे लिहीत नाहीत, असे वकील म्हणाले. मी म्हटले, राहू द्या, तो विसरू नये म्हणून लिहिले.

ठिकाण: वकिलांचे कार्यालय, पहिला मजला.
दिनांक: सोमवार, महिन्याची नऊ तारीख.
सही: मृत्युपत्र करणारी.

आम्ही दोघांनी तिला हे लिहिताना व सही करताना समक्ष पाहिले, व तिच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार १: शेजारचे शिंपीकाका.
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर.