लॅमिनेट केलेली मार्कशीट

बाबा, तुम्ही लॅमिनेट करून ठेवलेली माझी बारावीची मार्कशीट गेल्या आठवड्यात माझ्याच हातून फाटली. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, आता ओरडायला कोणी नाही, तरी फाटल्याबरोबर मी आधी दाराकडे पाहिलं.

ती फाटायची पाळी का आली ते सांगते. डॉक्टर व्हायचं होतं मला. हसू नका. चौतिसाव्या वर्षी, शारजाच्या क्लिनिकमध्ये इन्शुरन्सचे फॉर्म भरता भरता, मला एक कोर्स सापडला. सायन्स न घेतलेल्यांना त्यात वर्षभर बायोलॉजी-केमिस्ट्री शिकवतात आणि पास झालं की मेडिकल कॉलेजात जाता येतं. ॲक्सेस कोर्स म्हणतात त्याला. पस्तिशी लागली की घेत नाहीत, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. निबंध लिहिला, इंटरव्ह्यू दिला, निवडही झाली. राहिला होता एकच कागद, बारावीची मूळ मार्कशीट, ती खरी असल्याचा, अटेस्टेशनचा सरकारी शिक्का मारलेली.

सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाने ती उलटसुलट करून पाहिली, नखाने टकटक वाजवली. "मॅडम, प्लास्टिक पे स्टॅम्प कैसे लगेगा? ओरिजिनल को कोई लॅमिनेट करता है क्या?" मी म्हटलं, "मेरे फादर करते थे." तो बिचारा हळहळला. डुप्लिकेट दोन महिन्यांत येईल, इन्शाल्ला, म्हणाला. माझ्याकडे नऊ दिवस होते.

तुम्ही काय काय लॅमिनेट केलं नव्हतं! लेबर कार्डाची झेरॉक्स, माझ्या लसींचे कागद, आईच्या चष्म्याचा नंबरसुद्धा. तुमची स्वतःची दहावीची मार्कशीट गावाला पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्ली, आणि दाखवायला कागद नाही म्हणून तुम्ही मरीनातल्या टॉवरांमध्ये एसीचे डक्ट चढवत जन्मभर हेल्परच राहिलात. माझी मार्कशीट शाळेतून मिळाली त्या दिवशी तुम्ही कधी नव्हे ती रजा टाकली आहे. अजमानच्या त्या चिकट उन्हात दुकानात जाऊन तुम्ही परत येता, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि अजून कोमट असलेली मार्कशीट माझ्या हातात ठेवता. "घे बाय, आता वाळवीच्या बापालापण खाता येणार नाय." मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "ओके बाबा, थँक्स."

तर लॅमिनेशन काढायला मी व्हिडिओ बघून इस्त्री फिरवली. मध्ये सुती कापड घातलं, सगळं सांगितल्यासारखं केलं. प्लास्टिक सुटायला लागलं, पण बरोबर शाईही निघून आली, आणि मधोमध कागद टर्रकन फाटला. माझे मार्क प्लास्टिकला चिकटून राहिले, उलटे. कोर्सवाल्यांना मेल केला, फोन केले, अक्षरशः रडले. त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलं की जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे. खलास. तेव्हापासून मी कामावर जाते, येते, जेवते, पण कशासाठी ते मला कळत नाही. पुढची पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आजारांचे कोड टाइप करणार आहे, आणि यातून आता सुटका नाही.

या रागात मी नको ते बोलले. मावशीला फोनवर, क्लिनिकमधल्या मुलींना, सगळ्यांना एकच सांगत सुटले, की बाबांनी आधी मला कॉमर्सला घातलं आणि मग लॅमिनेशन करून उरलंसुरलं बुडवलं. मावशीशी बोलत होते तेव्हा आई तिथेच भाजी निवडत बसली होती. भाजी तशीच टाकून ती आत गेली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

पण बाबा, तुम्ही मला विचारलं होतं. दहावीनंतर, शुक्रवारच्या जेवणाला, आई आत पोळ्या करत होती. माझ्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढता काढता तुम्ही हळूच म्हणालात, "बाय, खरं सांग, सायन्स घेयाचाय काय? मी करतो कायतरी." मी म्हटलं, "नो बाबा, आय हेट बायोलॉजी." तुमचा चेहरा किती हलका झाला होता.

बायोलॉजी मला फार आवडायची. नापास होऊन तुमच्यासमोर उभं राहायची भीती वाटली, दुसरं काही नव्हतं. तुम्ही विचारलं होतं, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.